घराण्याची स्मृती आणि वासुदेवशास्त्री खरे

रणात पडलेल्या पूर्वजाची आठवण वंशजांनी जपावी, ही आपल्याकडील जुनी रीत आहे. मात्र अशी आठवण घराच्या उंबरठ्याआतच राहिली, तर दोन-तीन पिढ्यांत तिची आख्यायिका होते. पटवर्धन घराण्याची स्मृती या गतीपासून वाचली, त्याचे बरेचसे श्रेय मिरजेच्या एका शाळामास्तराला द्यावे लागते. ते म्हणजे वासुदेवशास्त्री खरे.

शास्त्रीबोवांचा जन्म ५ ऑगस्ट १८५८ रोजी गुहागर येथे झाला. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये काही काळ अध्यापन करून ते मिरजेच्या हायस्कुलात संस्कृतचे शिक्षक म्हणून आले आणि अखेरपर्यंत मिरजेचेच झाले. काव्य व नाटक ही त्यांची आवड. ‘गुणोत्कर्ष’, ‘शिवसंभव’ ही नाटके त्यांचीच. परंतु त्यांच्या आयुष्याला खरी दिशा दिली ती पटवर्धनांच्या जुन्या कागदांनी.

इचलकरंजीकर घोरपड्यांचे कुलोपाध्याय हरभट यांचे पुत्र भिक्षुकी सोडून शिपाईगिरीत शिरले. या कुळाने पेशवाईची दक्षिण सीमा राखली आणि तिची किंमतही मोजली. १७७७ मध्ये सावशीच्या लढाईत कोन्हेरराव पडले. पांडुरंगराव हैदराच्या हाती सापडून त्याच वर्षी कैदेत वारले. धारवाड आणि श्रीरंगपट्टणच्या मोहिमा गाजविणारे परशुरामभाऊ १७९९ मध्ये पट्टणकुडीच्या रणात कामी आले. मिरज, सांगली, तासगाव, जमखिंडी, कुरुंदवाड अशा शाखांत घराणे विभागले गेले, तरी छावणीतून आलेली पत्रे वंशजांनी टाकून दिली नाहीत. दफ्तरे राहिली, पण ती वाचणार कोण?

मोडी लिपीतील ते कागद शास्त्रीबोवांनी वाचले, निवडले, कालक्रमाने लावले आणि १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या मासिकातून छापण्यास आरंभ केला. शिक्षकाच्या तुटपुंज्या मिळकतीत हा उद्योग म्हणजे पदरमोडच होती. तरीही त्यांच्या हयातीत लेखसंग्रहाचे बारा खंड प्रसिद्ध झाले. पानिपतानंतरच्या मराठेशाहीचा अभ्यासक आजही या खंडांना वगळून पुढे जाऊ शकत नाही.

या कार्याचे मर्म केवळ संग्रहात नाही. वंशजाला पूर्वजाचा विजय प्रिय असतो. तो पराभव झाकतो, भाऊबंदकी विसरतो. कूच-मुक्कामात लिहिलेले पत्र तसे करीत नाही. त्यात थकलेला पगार, सावकाराचे देणे, वैरणीची टंचाई आणि आप्तांतील रुसवे-फुगवे जसेच्या तसे उतरतात. शास्त्रीबोवांनी कुळाची ‘हरिवंशाची बखर’ संपादिली आणि पत्रेही छापली. म्हणून गौरव आणि वास्तव शेजारी ठेवून पारखण्याची सोय झाली. त्यातून पूर्वज लहान झाले नाहीत. देव्हाऱ्यातून उतरून ते माणसांत आले.

११ जून १९२४ रोजी शास्त्रीबोवा निवर्तले. लेखसंग्रहाचे पुढील काम त्यांच्या चिरंजीवांनी चालविले. लढवय्यांच्या वंशजांनी कागद राखले आणि ते छापणाऱ्याच्या वंशजाने छपाई राखली, असा हा दुहेरी वारसा आहे.

पुढे अनेक घराण्यांनी मंडळे स्थापून आपापले कुलवृत्तांत प्रसिद्ध केले. अशा प्रत्येक उद्योगाने शास्त्रीबोवांची शिस्त डोळ्यांपुढे ठेवावी. पूर्वजांचे खरे स्मारक म्हणजे तसबिरीला घातलेला हार नव्हे. त्यांचा कागद कोणाही वाचकाच्या हाती पडावा, हे होय. ग्रंथालयाच्या फडताळात उभा असलेला लेखसंग्रहाचा जीर्ण खंड हेच काम अबोलपणे करीत असतो.