‘आशा’च्या आधीची आशा : डॉ. मेबल आरोळे

यवतमाळ : झरी-जामणी, मारेगाव, केळापूर या तालुक्यांतील एखाद्या कोलाम पोडावर बाळंतपणाची वेळ आली की पहिला निरोप जातो तो आशा सेविकेकडे. रुग्णवाहिका बोलावणे, घरच्यांची समजूत घालणे, गर्भवतीसोबत दवाखान्यापर्यंत जाणे, बाळ घरी आल्यावर त्याचे वजन करणे, ही सारी तिची कामे. ती त्याच गावची असते आणि तिचे शिक्षण बेताचेच असते. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून ही योजना २००५ मध्ये आली. परंतु गावातल्या बाईच्या हाती गावाचे आरोग्य सोपवता येते, हे त्यापूर्वी तीन दशके महाराष्ट्रातल्याच एका दुष्काळी तालुक्यात सिद्ध झाले होते. ते सिद्ध करणाऱ्या दाम्पत्यापैकी डॉ. रजनीकांत आरोळे यांचे नाव अधिक घेतले जाते. त्यांच्या पत्नी डॉ. मेबल यांच्या वाट्याला मात्र त्या मानाने उपेक्षाच आली.

मेबल यांचा जन्म १९३५ चा, जबलपूरचा. वडील तेथील धर्मशास्त्र महाविद्यालयात प्राध्यापक होते. मराठी ही त्यांची मातृभाषा नव्हे. वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात शिकताना नगर जिल्ह्यातील रजनीकांत आरोळे यांच्याशी परिचय झाला. १९५९ मध्ये दोघेही डॉक्टर झाले आणि १९६० मध्ये विवाहबद्ध झाले. खेड्यातील उपेक्षितांसाठीच आयुष्य वेचायचे, असा संकल्प या दाम्पत्याने लग्नाच्या वेळीच केला होता. असे संकल्प अनेक तरुण डॉक्टर करतात. तो निभावणारे थोडे.

पहिली काही वर्षे नगर जिल्ह्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात गेली. रुग्णांची रीघ लागे, शस्त्रक्रिया होत, रुग्ण बरे होऊन घरी जात आणि काही दिवसांनी त्याच आजाराने परत येत. हगवण झालेले मूल बरे करून पाठवायचे ते पुन्हा त्याच दूषित पाण्यावर, त्याच रिकाम्या चुलीपाशी. रुग्णालय कितीही मोठे केले तरी गाव निरोगी होणार नाही, हे दोघांच्याही ध्यानात आले. पुढील शिक्षणासाठी दोघे अमेरिकेस गेले. तेथे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करतानाच त्यांनी आपल्या प्रकल्पाची आखणी केली आणि १९७० मध्ये ते जामखेडला आले. प्रारंभीचा दवाखाना थाटला गेला तो गुरांच्या जुन्या दवाखान्याच्या इमारतीत.

त्या काळी या भागात हजार जन्मलेल्या बालकांपैकी सुमारे १७६ बालके पहिला वाढदिवस पाहत नसत. त्यात १९७२ चा दुष्काळ आला. मुलांसाठी अन्नछत्रे आणि पिण्याच्या पाण्यासाठी कूपनलिका ही कामे आधी हाती घ्यावी लागली. कूपनलिका दलित वस्तीतच घेण्याचा आग्रह आरोळे दाम्पत्याने धरला. पाण्यासाठी सारे गाव त्या वस्तीत येऊ लागले. आरोग्याच्या कामात जातीचा प्रश्न टाळता येत नाही, हे त्यांनी फारच लवकर ओळखले होते.

गावोगावी परिचारिका नेमण्याचा पहिला प्रयत्न मात्र फसला. शिकलेल्या परिचारिका आडगावी राहण्यास तयार नव्हत्या. राहिल्या तरी गावाला त्या परक्याच वाटत. मग गावानेच आपल्यातील एक स्त्री निवडावी आणि तिला प्रकल्पाने शिकवावे, असा मार्ग निघाला. निवडल्या गेलेल्यांत निरक्षर होत्या, दलित होत्या, विधवा आणि परित्यक्ताही होत्या. ज्यांना स्वतःच्या घरातही कोणी विचारत नव्हते, त्यांनी गावाला आरोग्य शिकवायचे होते.

येथून पुढचे काम प्रामुख्याने मेबल यांचे. या स्त्रिया दर आठवड्याला जामखेडला येत आणि मुक्कामाला राहत. आधी प्रत्येकीने आठवडाभरात गावात काय घडले ते सांगायचे. कोणाचे मूल सुकत चालले आहे, कोणती गर्भवती तपासणीस नाही म्हणते, कोणाच्या अंगावर चट्टा दिसला, यावर चर्चा होई आणि मग नवा धडा. लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी चित्रे होती, गाणी होती, प्रत्यक्ष हाताने करून पाहणे होते. गर्भाची स्थिती चाचपून ओळखणे, मीठ-साखरेचे पाणी करणे, क्षय व कुष्ठरोगाची लक्षणे हेरणे, हे त्या अशाच शिकल्या. आजार म्हणजे देवीचा कोप ही समजूत त्यांचीही होती. मेबल यांनी तिची टर उडवली नाही. मुलाला खाऊ घालून त्याचे वजन वाढताना दाखवले. रात्री सगळ्या जातींच्या बाया एकत्र जेवत आणि एकत्र झोपत. या एका गोष्टीला किती धैर्य लागले असेल, हे सत्तरच्या दशकातील गाव ज्यांनी पाहिले आहे त्यांनाच कळेल.

शिकवून मोकळे होणे हा प्रकार नव्हता. फिरते पथक गावात येई ते आरोग्यसेविकेच्या मदतीला. तिला न झेपणारा रुग्ण पाठवण्यासाठी जामखेडचे रुग्णालय होते. शेतकरी मंडळ आणि महिला मंडळ तिच्या पाठीशी उभे होते. १९७१ मधील १७६ चा बालमृत्युदर पाच-सहा वर्षांत पन्नासच्या आसपास आला.

जगाने याची दखल घेतली. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९७५ च्या ग्रंथात जामखेडवर प्रकरण आले, १९७९ मध्ये दाम्पत्यास रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. केंद्र शासनाने २ ऑक्टोबर १९७७ रोजी देशभर हजार लोकसंख्येमागे एक आरोग्यरक्षक नेमण्याची योजना आणली. तीन महिन्यांचे प्रशिक्षण आणि महिना ५० रुपये. त्यांत पुरुषांचीच निवड अधिक झाली, प्रशिक्षणानंतर पाठपुरावा राहिला नाही आणि योजना कागदावर विरत गेली. गावातला माणूस घ्यायचा, एवढेच शासनाने जामखेडकडून उचलले.

मानधनाचा प्रश्नही येथेच उपस्थित होतो. जामखेडच्या आरोग्यसेविकांना नियमित पगार नव्हता. त्याऐवजी शेळ्या, बांगड्यांचा धंदा अशा लहान व्यवसायांसाठी प्रकल्प त्यांना साह्य करी. या उदाहरणाचा आधार घेऊन स्वयंसेविकेला पगार कशाला, असा युक्तिवाद पुढे अनेकदा झाला. तो सोयीचा आहे. जामखेडच्या बाईला सरकारी नोंदवह्या भरायच्या नव्हत्या, की रोज नवे सर्वेक्षण अंगावर पडत नव्हते. २०२१ आणि २०२३-२४ मध्ये राज्यातील आशा संपावर गेल्या तेव्हा हा फरक फारसा कोणी लक्षात घेतला नाही.

मेबल यांनी पुढे काही वर्षे युनिसेफच्या दक्षिण आशियातील सल्लागार म्हणून काम केले. जामखेडच्या अनुभवावरील दोघांचे पुस्तक १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. सप्टेंबर १९९९ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस, गडचिरोलीत गावातील आरोग्यदूतांनी घरोघरी जाऊन नवजात बालकांचे मृत्यू कसे रोखले, याविषयीचे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांचे संशोधन ‘लॅन्सेट’मध्ये आले. रजनीकांत २०११ मध्ये गेले.

आशा योजना आली तेव्हा तिच्या मूळ आराखड्यात वर्षभरात पाच टप्प्यांत मिळून २३ दिवसांचे प्रशिक्षण होते. जामखेडला वर्ग दर आठवड्याचा होता आणि तो वर्षानुवर्षे चालला. ३१ जानेवारी २०२१ रोजी आपल्याच जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातील भांबोरा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत, बारा बालकांना पोलिओच्या डोसाऐवजी सॅनिटायझर पाजले गेले. बालके सुदैवाने बचावली. कारवाई तिघांवर झाली, त्यांत आशा सेविकाही होती. चूक गंभीर होती, यात वाद नाही. परंतु त्या केंद्रावर त्या दिवशी तिच्या मागे कोण उभे होते आणि त्याआधी तिला शेवटचे कोणी व केव्हा शिकवले होते, हे प्रश्न त्या कारवाईपुरते तरी मागेच पडले.