प्राध्यापक कार्ल फर्डिनांड ब्राउन

मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरदर्शनचे केंद्र सुरू झाले आणि माझगाव, लालबाग, परळ येथील चाळींतून एकेका संचाभोवती शेजारपाजार जमू लागला. त्या वेळचा एखादा लाकडी पेटीचा संच अजूनही कोणाच्या माळ्यावर सापडतो आणि हौशी मनुष्य तो चालू करण्याच्या खटपटीस लागतो. सुकलेले कपॅसिटर तो बदलतो, निखळलेले सांधे डाख देऊन जोडतो; परंतु आतील मोठी काचेची नळीच निकामी झाली असल्यास त्याचा नाइलाज होतो. ही नळी ज्यांच्या बुद्धीतून निर्माण झाली, त्या प्राध्यापक ब्राउन यांचे चरित्र विद्यार्थ्यांनी अवश्य जाणून घ्यावे.

ब्राउन यांचा जन्म ६ जून १८५० रोजी जर्मनीतील फुल्डा या गावी झाला. १८७२ मध्ये बर्लिन येथे डॉक्टरची पदवी मिळविल्यावर पुढे ते लाइपझिग येथील एका शाळेत शिक्षक झाले. काही खनिज स्फटिकांतून वीज एका दिशेने सहज वाहते, उलट दिशेने मात्र कष्टाने वाहते, हा आपला शोध त्यांनी १८७४ मध्ये प्रसिद्ध केला. रेडिओच्या आरंभीच्या संचांत ह्याच गुणाचा उपयोग झाला. मुलांकरिता त्यांनी गणित व सृष्टिविज्ञान ह्यांवर एक पुस्तकही लिहिले.

पुढे अनेक विद्यापीठांत अध्यापन करून १८९५ मध्ये ते स्ट्रासबुर्ग येथे पदार्थविज्ञान संस्थेचे प्रमुख झाले. तेथे त्यांच्यापुढे एक अडचण उभी राहिली. उलटसुलट वाहणारा विद्युत्प्रवाह एका सेकंदात अनेक वेळा दिशा बदलतो. धातूचा काटा जड असल्यामुळे त्याला इतक्या त्वरेने हलता येत नाही. तेव्हा ज्यास जवळजवळ वजनच नाही असा काटा त्यांनी शोधून काढला. निर्वात केलेल्या नळीत ऋणाग्रापासून निघणारे किरण एका बारीक छिद्रातून जाऊ देऊन ते प्रकाशणाऱ्या लेपाच्या पडद्यावर पाडले. नळीजवळील तारेच्या वेटोळ्यातून प्रवाह सोडताच पडद्यावरील प्रकाशबिंदू त्याच्या तालावर हलू लागला. फिरत्या आरशात पाहता त्याची लाट स्पष्ट दिसे. हे १८९७ साल होय. ह्या नळीचे पेटंट त्यांनी घेतले नाही. ज्याला हवी त्याने ती बनवावी.

हाच बिंदू पुढे इतरांनी पडद्यावर ओळीमागून ओळ असा धावविला. आपल्याकडील संचांत तो सेकंदास पंचवीस चित्रे, प्रत्येक चित्र ६२५ ओळींचे, ह्या वेगाने रेखाटीत असे. आपला डोळा त्यासच हलते चित्र समजतो.

बिनतारी संदेशवहनातील कामगिरीबद्दल १९०९ चे नोबेल पारितोषिक ब्राउन व मार्कोनी यांस विभागून मिळाले. परंतु ह्या बिनतारीच्या पेटंटांसंबंधीच्या एका दाव्यात साक्ष देण्याकरिता १९१४ च्या अखेरीस ते न्यूयॉर्कला गेले आणि महायुद्धामुळे तेथेच अडकून पडले. १९१७ मध्ये अमेरिकाही युद्धात उतरली आणि परतीची आशा मावळली. २० एप्रिल १९१८ रोजी ब्रुकलिन येथे त्यांचा अंत झाला. पुढे त्यांची रक्षा फुल्डा येथे नेण्यात आली. ज्याचे हक्क राखले त्याच्या तंट्यापायी ते परदेशी निवर्तले. जे मोफत देऊन टाकले ते मात्र घरोघर पोचले.

ह्या नळ्यांचे उत्पादन आता जवळजवळ थांबले आहे; म्हणून जी शाबूत आहे ती जपणे हेच खरे दुरुस्तीचे काम होय. संच बंद केल्यावरही नळीत कित्येक हजार व्होल्टांचा भार टिकून राहू शकतो. तिच्यातील पोकळीमुळे धक्का लागल्यास काच जोराने फुटते. यास्तव जाणत्या कारागिरावाचून कोणी पेटी उघडू नये. मात्र तो काम करीत असता शेजारी उभे राहून अवश्य पाहावे व विचारावे. यंत्राची विद्या पाहून आणि विचारूनच येते, आणि ब्राउन यांनी आपली नळी बनविली ती अदृश्य गोष्ट सर्वांच्या दृष्टीस पडावी म्हणूनच.