नेव्हिल व्हिन्सेंट : रणभूमीवरून टपालमार्गावर

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाशी छत्रपती राजाराम महाराजांचे नाव जोडलेले आहे. त्यांच्याच कारकिर्दीत, १९३९ मध्ये, या संस्थानाला विमानतळ लाभला. टाटांच्या विमानसेवेचा पाया मात्र त्यापूर्वी सात वर्षे, मुंबईतील जुहूच्या मैदानावर घातला गेला होता. तो घालणाऱ्यांपैकी जे. आर. डी. टाटा यांचे नाव घरोघरी पोहोचले. ज्यांच्या डोक्यात ही योजना प्रथम आली, ते नेव्हिल व्हिन्सेंट विस्मरणात गेले.

व्हिन्सेंट यांचा जन्म १९०२ चा, दक्षिण आफ्रिकेतला. ब्रिटनच्या शाही हवाई दलात ते वैमानिक झाले, इराकमधील मोहिमांत लढले आणि शौर्यपदकाचे मानकरी ठरले. पुढे त्यांनी लष्करी सेवा सोडली. १९२०च्या दशकाच्या अखेरीस ते एका सहकाऱ्यासह जुनी युद्धविमाने घेऊन भारतात आले आणि गावोगावी उड्डाणाची प्रात्यक्षिके करू लागले. लोकांना आकाशाची सफर घडवून पोट भरणाऱ्या या माणसाला देशातील अंतरे आणि रेल्वेला लागणारा वेळ दिसत होता. विलायतेहून कराचीला विमानाने येणारे टपाल पुढे मुंबई व मद्रासला विमानानेच न्यावे, ही कल्पना त्यांना सुचली.

१९२९ मध्ये त्यांनी हा आराखडा टाटांपुढे ठेवला. जे. आर. डी. तत्काळ अनुकूल झाले. दोराबजी टाटा मात्र साशंक होते. जॉन पीटरसन यांनी रदबदली केल्यावर दोन लाख रुपयांची गुंतवणूक मंजूर झाली. सरकारने अनुदान नाकारले आणि वाटाघाटी लांबत गेल्या. अखेर अनुदानाचा आग्रह सोडून १९३२ मध्ये करार झाला.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. तेथून टपालाच्या थैल्या घेऊन व्हिन्सेंट बेळ्ळारीमार्गे मद्रासकडे निघाले. विमान एकाच इंजिनाचे, जमिनीशी बोलायला बिनतारी यंत्र नाही, धावपट्टी म्हणजे चिखलाचे मैदान. पावसाळ्यात जुहू पाण्याखाली जाई, तेव्हा सारा कारभार पुण्याला हलवावा लागे.

रणांगणावर वैमानिकाची परीक्षा एखाद्या निर्णायक क्षणी होते. टपालाच्या विमानात ती रोज, घड्याळाच्या काट्यावर होते. धाडसाची सवय जडलेल्या माणसाला ही शिस्त कंटाळवाणी वाटू शकते. व्हिन्सेंट यांनी ती अंगी बाणवली, हेच त्यांचे मोठेपण. पहिल्या वर्षात टाटांच्या विमानांनी एक लाख साठ हजार मैलांचा प्रवास केला, १५५ प्रवासी व दहा टनांहून अधिक टपाल वाहून नेले, तेही वक्तशीरपणात कसूर न करता. या वर्षी साठ हजार रुपयांचा नफा झाला. १९३५ मध्ये गोवा व कण्णूरमार्गे त्रिवेंद्रमला गेलेल्या पहिल्या विमानाचे सारथ्यही व्हिन्सेंट यांनीच केले.

पुन्हा महायुद्ध पेटले. पुण्यात विमाने बांधण्याचा कारखाना उभारण्याची टाटांची योजना होती आणि त्या कामासाठी व्हिन्सेंट इंग्लंडला गेले. जानेवारी १९४२ मध्ये परतण्याच्या घाईत त्यांनी हवाई दलाच्या एका हडसन बॉम्बरमधून प्रवास पत्करला. ते विमान फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ पाडले गेले. तेव्हा त्यांनी वयाची चाळिशीही गाठली नव्हती. पुण्याचा कारखानाही पुढे साकारला नाही.

१९४६ मध्ये टाटांच्या विमानसेवेचे ‘एअर इंडिया’ हे नामकरण झाले, ते पाहण्यास व्हिन्सेंट नव्हते. युद्धाचे विमान सोडून त्यांनी शांततेच्या काळातील टपाल हाती घेतले होते. अखेरच्या प्रवासात ते पुन्हा युद्धाच्याच विमानात बसले, या वेळी प्रवासी म्हणून. हवाई दलातून निवृत्त होऊन प्रवासी विमान कंपन्यांत रुजू होण्याची वाट आज रुळलेली आहे. भारतात त्या वाटेवर अगदी आरंभी चालणाऱ्यांत हा माणूस होता.