बैअतीचा भार: हजरत उमर बिन अब्दुल अजीज (रह.)

सत्ता स्वीकारताना शपथ घेण्याची रीत आज जगभर आहे. इस्लामी इतिहासात या प्रसंगाला बैअत म्हणतात. प्रजा आज्ञापालनाचा शब्द देते, आणि अल्लाहच्या ग्रंथानुसार व प्रेषितांच्या (स.) सुन्नतीनुसार कारभार करण्यास शासकही त्याच क्षणी बांधला जातो. उमय्या घराण्याच्या राजवटीत या कराराची दुसरी बाजू पुसट होत गेली. ती पुन्हा ठळक करणारा पुरुष त्याच घराण्यात जन्मला.

हजरत उमर बिन अब्दुल अजीज यांच्या मातोश्री हजरत उमर फारूक (रजि.) यांच्या नात होत्या, तर वडील इजिप्तचे राज्यपाल. तारुण्य ऐश्वर्यात गेले. त्यांची उंची वस्त्रे, अत्तरे आणि ऐटदार चाल सर्वांच्या परिचयाची होती. हि.स. ८७ (इ.स. ७०६) मध्ये खलीफा वलीदने त्यांना मदीनेचे राज्यपाल नेमले. तेथील दहा विद्वानांना बोलावून, त्यांच्या सल्ल्यानेच निर्णय घेण्याचे त्यांनी ठरविले.

याच पदावर असताना घडलेला एक प्रसंग चरित्रकार बहुधा घाईने उरकतात. वलीदच्या हुकुमावरून खुबैब बिन अब्दुल्लाह बिन जुबैर यांना फटके मारण्यात आले आणि थंडीच्या दिवसांत अंगावर गार पाणी ओतण्यात आले. त्यात त्यांचा अंत झाला. हुकूम खलीफाचा होता, अंमल मात्र उमर यांनी केला. पुढे कोणी त्यांच्या सत्कृत्यांची स्तुती केली, तर त्यांना खुबैब आठवत. वरिष्ठांची आज्ञा हे अल्लाहपुढे उत्तर ठरत नाही, हे त्यांनी ग्रंथांतून नव्हे, स्वतःच्या हातून घडलेल्या अन्यायातून ओळखले होते.

हि.स. ९९ (इ.स. ७१७) मध्ये खलीफा सुलैमान दाबिक येथे मृत्युशय्येवर होता. रजा बिन हैवा यांच्या सल्ल्याने त्याने वारसाचे नाव लिहून पत्र मोहोरबंद केले आणि आतले नाव न सांगताच लोकांकडून बैअत घेतली. पत्र उघडले तेव्हा नाव निघाले उमर यांचे. ते मिंबरवर गेले. हे पद आपल्या इच्छेविना आणि मुस्लिमांच्या सल्लामसलतीविना लादले गेले आहे, तेव्हा लोक बैअतीतून मुक्त आहेत, त्यांनी हवा तो खलीफा निवडावा, असे त्यांनी जाहीर केले. लोकांनी एकमुखाने त्यांनाच निवडले. शाही घोडे पुढे आणण्यात आले. ते नाकारून ते स्वतःच्या खेचरावर बसले.

सरकारी दिवा विझवून खासगी बोलण्यासाठी स्वतःचा दिवा लावणारे खलीफा म्हणून आपण त्यांना ओळखतो. गोष्ट गोड आहे, परंतु तेलाची बचत कोणाला दुखवीत नाही. त्यांची खरी कसोटी घरातच लागली. वारशाने आलेल्या जमिनींच्या सनदा त्यांनी फाडल्या. खलीफांनी बळकावलेली मालमत्ता नातलगांकडून परत घेतली, फदकच्या जमिनीवरचा घराण्याचा हक्क सोडला. नातलग संतापले, आत्याला मध्यस्थीस पाठविले, तरी निर्णय बदलला नाही. पत्नी फातिमा ही खलीफाची कन्या आणि खलीफांची बहीण. पित्याने दिलेले रत्न बैतुलमालमध्ये जमा करावे की पतीपासून वेगळे व्हावे, हा पर्याय त्यांनी तिच्यापुढे ठेवला. तिने रत्न दिले.

मिंबरवरून हजरत अली (रजि.) यांची निंदा करण्याची प्रथा त्यांनी बंद केली. इस्लाम स्वीकारलेल्यांकडूनही जिझिया वसूल होत असे, तोही थांबविला. खजिना रिता होईल अशी तक्रार अधिकाऱ्यांनी केली, तेव्हा प्रेषित (स.) मार्गदर्शक म्हणून आले होते, करवसुलीसाठी नव्हे, असे त्यांनी कळविले. खुरासानचे राज्यपाल जर्राह बिन अब्दुल्लाह यांनी याबाबतीत कुचराई केली. त्यांना पदावरून दूर करण्यात आले.

ही राजवट जेमतेम अडीच वर्षे टिकली. रजब हि.स. १०१ (इ.स. ७२०) मध्ये दैर सिमआन येथे, वयाच्या चाळिशीच्या आसपास, त्यांचे निधन झाले. मुलांसाठी मागे फारसे काही उरले नव्हते. त्यांच्यानंतर फातिमाचा भाऊ यजीद खलीफा झाला. त्याने तिचे दागिने बैतुलमालमधून परत देऊ केले. पती हयात असताना ज्याचा आनंदाने त्याग केला, ते त्यांच्या मृत्यूनंतर स्वीकारण्यास तिने नकार दिला.