सर जॉन चार्नली : कृत्रिम खुब्याचे जनक

खुब्याचा सांधा झिजला म्हणजे मनुष्याची कशी दैना होते, हे ज्यांच्या घरी वृद्ध मंडळी आहेत त्यांस सांगावयास नको. पाऊल टाकताच कळ उठते, मांडी घालून बसणे दूरच राहते आणि रात्री कूस पालटणेही कठीण होते. असा सांधा काढून कृत्रिम सांधा बसविण्याची शस्त्रक्रिया आज आपल्या परिचयाची झाली आहे. ती ज्यांनी भरवशाची केली, त्या सर जॉन चार्नली यांचे चरित्र यंदाच्या स्मरणिकेत आम्ही सादर करीत आहोत.

चार्नली यांचा जन्म २९ ऑगस्ट १९११ रोजी इंग्लंडातील लँकेशायर परगण्यात बेरी या गावी झाला. वडील औषधविक्रेते होते. मँचेस्टर येथे शिक्षण घेऊन १९३५ साली ते वैद्यकीचे पदवीधर झाले. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी सैन्याच्या वैद्यकीय दलात सेवा केली. पुढे मँचेस्टरला परतल्यावर अस्थिशल्यतज्ज्ञ म्हणून त्यांचा लौकिक झाला.

त्या काळी बसविल्या जाणाऱ्या एका प्रकारच्या कृत्रिम खुब्याचा चालताना करकर आवाज येई. असा एक रुग्ण त्यांच्या पाहण्यात आला. आवाजाचे मूळ घर्षणात आहे हे ओळखून, घर्षण कमी केल्यावाचून सांधा टिकणार नाही, असा सिद्धांत त्यांनी मांडला. मांडीच्या हाडात सुमारे २२ मिलिमीटर व्यासाचा लहान धातूचा गोळा, त्याभोवती गुळगुळीत प्लॅस्टिकची वाटी, आणि दोहोंस हाडात घट्ट बसविण्यासाठी अॅक्रिलिकचे सिमेंट, अशी त्यांची रचना होती. गोळा लहान असल्याने वाटीस पडणारा पीळ कमी होई.

वाटीसाठी त्यांनी प्रथम टेफ्लॉन वापरले. सुमारे तीनशे रुग्णांचे दुःख हरले आणि सर्वत्र वाहवा झाली. परंतु दोन-तीन वर्षांतच वाट्या झिजू लागल्या. झिजलेल्या कणांनी आसपासचे ऊतक चिडून सांधे सैल पडू लागले. दुसरा कोणी असता तर त्याने हात झटकले असते. चार्नली यांनी मात्र ती जबाबदारी आपल्याच शिरावर घेतली. टेफ्लॉनचा दोष निश्चित करण्यासाठी त्याची पूड त्यांनी स्वतःच्या मांडीत टोचून घेतली. काही महिन्यांनी तेथे गाठी हातास लागल्या.

पुढे १९६२ साली त्यांचे सहायक हॅरी क्रेवन यांनी पॉलिथिलीनची एक जात झिजेच्या यंत्रावर तपासली. तीन आठवड्यांतील तिची झीज टेफ्लॉनच्या एका दिवसाच्या झिजेहूनही कमी भरली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिची वाटी प्रथम रुग्णास बसविण्यात आली. मात्र एकदा पोळलेल्या चार्नलींनी काही वर्षे परिणाम पाहिल्यावाचून ती इतरांस सर्रास वापरू दिली नाही.

दुसरे संकट जंतुसंसर्गाचे. कृत्रिम सांध्यात पू झाला की औषधांनी भागत नाही. पुष्कळदा सांधा काढून, जखम स्वच्छ करून, नवा बसवावा लागतो. आरंभी शंभरात सात किंवा अधिक रुग्णांस हे भोगावे लागे. रायटिंग्टन येथे पूर्वी क्षयरोग्यांसाठी असलेल्या रुग्णालयात चार्नली काम करीत. तेथे त्यांनी गाळलेल्या हवेची बंदिस्त शस्त्रक्रिया-कक्षिका उभारली आणि शल्यवैद्यांचा श्वास बाहेर खेचणारे पोशाख योजिले. कालांतराने हे प्रमाण शंभरात एकाच्याही खाली आले. मृत्यूनंतर आपला सांधा तपासणीसाठी परत द्यावा, अशी विनंती ते रुग्णांस करीत आणि अनेकांनी ती आनंदाने मान्य केली.

१९७५ साली ते रॉयल सोसायटीचे सभासद निवडले गेले, तर १९७७ साली त्यांस सर ही पदवी मिळाली. ५ ऑगस्ट १९८२ रोजी त्यांचे निधन झाले.

आपल्या ज्ञातीतील जी मुले-मुली आज वैद्यकीचे अध्ययन करीत आहेत, त्यांनी हे चरित्र अवश्य मनन करावे. हातून बिघडलेले काम लपवावयाचे नसते, ते स्वतः निस्तरावयाचे असते, हाच त्याचा बोध होय. आज आपल्या घरची वडीलधारी मंडळी काठीवाचून देवदर्शनास जातात, त्यांच्या पावलामागे या पुरुषाचे कष्ट आहेत. त्यांच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.