वेगाचा विक्रम मोजतात कसा? डोनाल्ड कॅम्पबेल यांची अर्धी राहिलेली गोष्ट

मागच्या महिन्यात रेल्वेने येताना मी मोबाइलवर स्पीडोमीटर ॲप चालू ठेवलं होतं. गाडी बोगद्यातून बाहेर आली आणि ॲपने चक्क ताशी २१० किलोमीटर दाखवले! मी लगेच स्क्रीनशॉट काढून मित्राला पाठवला. त्याने एवढंच विचारलं, की पुढच्या सेकंदाला किती होते? होते ८४. बोगद्यात जीपीएसचा सिग्नल तुटतो आणि परत मिळताना आकडा कधी कधी अशी उडी मारतो.

मग खरे विक्रम मोजतात तरी कसे? हे शोधताना मला डोनाल्ड कॅम्पबेल सापडले.

कॅम्पबेल यांचा जन्म १९२१ चा, इंग्लंडमधला. वडील सर माल्कम कॅम्पबेल यांनी १९३५ मध्ये मोटारीने ताशी ३०० मैलांचा, म्हणजे सुमारे ४८३ किलोमीटरचा टप्पा ओलांडला होता. वडील १९४८ च्या शेवटी गेले आणि मुलाने वेगाचं हे वेड पुढे चालवलं. १९५५ ते १९६४ या काळात त्यांनी पाण्यावरच्या वेगाचा विक्रम सात वेळा केला. त्यांच्या जेट इंजिनाच्या बोटीचं नाव होतं ब्लूबर्ड के७.

१९६० मध्ये अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर त्यांची मोटार उलटली आणि कवटीला फ्रॅक्चर झालं. दुसरा कोणी असता तर तिथेच थांबला असता. हे १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियात गेले. १७ जुलैला लेक एअरच्या कोरड्या पात्रात मोटारीने ताशी ६४८.७३ किलोमीटर, आणि ३१ डिसेंबरला डंबलयंग तलावावर बोटीने ताशी ४४४.७१ किलोमीटर! एकाच वर्षात जमीन आणि पाणी, दोन्हीवरचे विक्रम करणारा दुसरा माणूस आजवर झालेला नाही.

आता मोजण्याचा नियम बघा. ठरलेलं अंतर एकदा जाताना आणि एकदा येताना, असं दोनदा कापायचं. दोन्ही फेऱ्या एका तासाच्या आत. विक्रम म्हणजे दोन्हींची सरासरी. का? एका दिशेला वारा मदत करत असेल, तर परतताना तोच आडवा येतो आणि हिशोब बरोबर होतो.

४ जानेवारी १९६७. इंग्लंडमधलं कॉनिस्टन तळं. कॅम्पबेल यांना पाण्यावर ३०० मैल गाठायचे होते. पहिल्या फेरीत वेग आला ताशी सुमारे ४७९ किलोमीटर, म्हणजे चारने कमी. परतीला साधारण ४८७ मिळाले असते तरी काम झालं असतं. इंधन भरायला न थांबता ते लगेच वळले. पहिल्या फेरीच्या लाटा पुरत्या शांत झाल्या नव्हत्या.

त्या फेरीची चित्रफीत मी फोनवर अगदी हळू करून पाहिली. वेग ५०० च्या पुढे गेलेला. नाक हलकेच उचलतं, बोट हवेत पूर्ण कोलांटी घेते आणि पाण्यावर आदळते. कारण समजायला सोपं आहे: वेग दीडपट झाला की हवेचा उचल देणारा जोर सव्वादोनपट होतो. नाक थोडं वर झालं की खाली आणखी हवा शिरते. मग स्टिअरिंग हातात असूनही काही करता येत नाही. अपघात नेमका कशामुळे सुरू झाला, यावर तज्ज्ञ अजून वाद घालतात. कॅम्पबेल तेव्हा ४५ वर्षांचे होते.

बोट आणि त्यांचा मृतदेह २००१ मध्ये तळ्यातून वर काढण्यात आला. कॉनिस्टन गावातच त्यांचं दफन झालं. दुरुस्त केलेली ब्लूबर्ड आता त्याच गावातल्या संग्रहालयात आहे.

पण त्या सकाळचे ४७९ कुठल्याच यादीत नाहीत. दुसरी फेरी पूर्ण झाली नाही, म्हणून सरासरीच निघाली नाही. पाण्यावरच्या विक्रमात त्यांच्या नावापुढे आजही ४४४.७१ च आहेत.

माझा २१० चा स्क्रीनशॉट मी त्याच रात्री डिलीट केला.