अशोकचक्राचे मानकरी हुतात्मा तुकाराम ओंबळे

नांदेडची तपोवन असो वा लातूरची रात्रीची गाडी असो, आपल्याकडील प्रवासी मुंबईस उतरतो तो छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ह्या भव्य वास्तूत. विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी बहुतेकांच्या जन्मापूर्वी, २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री, ह्याच स्थानकात दोन दहशतवाद्यांनी बेछूट गोळीबार करून पन्नासाहून अधिक जीव घेतले. तेथून ते कामा ह्या सरकारी रुग्णालयाकडे वळले. त्या रुग्णालयानजीक हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे तीन नामांकित अधिकारी धारातीर्थी पडले. ह्या दोघांना पुढे ज्याने अडविले, त्या एका साध्या सहायक फौजदाराचे चरित्र आम्ही येथे सांगणार आहोत.

तुकाराम गोपाळ ओंबळे हे सातारा जिल्ह्यातील जावळी तालुक्याच्या केडंबे गावचे. डोंगरकपारीतील गाव, तेथील तरुणांस मुंबईची गिरणी अथवा पलटण हेच दोन मार्ग ठाऊक. तुकारामांनी पलटणीचा मार्ग धरिला. भूसेनेच्या संदेशवहन दलात सेवा करून नाईक ह्या हुद्द्यावरून ते निवृत्त झाले. इतरांनी विसावा घेतला असता. त्यांनी १९९१ साली मुंबई पोलीस दलात पुनश्च गणवेश चढविला. पुढील सतरा वर्षे त्यांचे नाव वर्तमानपत्रांत आले नाही. बंदोबस्त, रात्रपाळी, गस्त, ह्यातच ती गेली. पोलीस शिपायाच्या घरात वाढलेल्या आमच्या वाचकांस ह्याचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

त्या रात्री ते डी. बी. मार्ग पोलीस ठाण्याच्या पथकासह गिरगाव चौपाटीवर नाकाबंदीस उभे होते. मध्यरात्र उलटली आणि दहशतवाद्यांनी बळकावलेली मोटार तेथे येऊन अडली. चकमकीत एक जण मारला गेला. दुसरा, अजमल कसाब, शरण येत असल्याचा बहाणा करून मोटारीबाहेर आला आणि त्याने बंदूक रोखली. ओंबळे ह्यांच्या हाती केवळ लाठी होती. त्यांनी झेप घेऊन त्या स्वयंचलित बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरली आणि गोळ्या स्वतःच्या देहात घेतल्या. पण नळी सोडली नाही. तेवढ्या अवधीत सहकाऱ्यांनी कसाबला जिवंत पकडले.

ह्या 'जिवंत' शब्दाचे महत्त्व थोर आहे. समुद्रमार्गे आलेल्या दहा जणांपैकी नऊ ठार झाले. एकूण १६६ निरपराध माणसे प्राणांस मुकली. एकही हल्लेखोर हाती न लागता, तर कट कोठे शिजला, शिक्षण कोणी दिले, हे सिद्ध करणे किती दुर्घट झाले असते! आरोपीस वकील मिळाला, खटला विशेष न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत रीतसर चालला आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवडा कारागृहात शिक्षेची अंमलबजावणी झाली. सूडाच्या ऐवजी न्याय होऊ शकला तो त्या काही क्षणांमुळे, असे आम्हांस वाटते.

२६ जानेवारी २००९ रोजी शांतताकाळातील सर्वोच्च शौर्यपदक, अशोकचक्र, त्यांना मरणोत्तर अर्पण झाले. गिरगाव चौपाटीवर त्यांचा पुतळा उभा आहे. मुंबईस जाल तेव्हा गाडीतून उतरल्यावर तेथवर अवश्य जावे. शास्त्रज्ञांनीही एक आगळा मान दिला: ठाणे-कल्याण परिसरात आढळलेल्या, झेप घेऊन भक्ष्य पकडणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या जातीस त्यांनी २०२१ साली 'आयसियस तुकारामी' हे नाव ठेविले.